न वाचलेल्या ओळी

आमच्या मंजुषाचं लग्न ज्या माघात झालं, त्याच वर्षाची ही गोष्ट. मंजुषा माझी धाकटी नात. थोरली पूनम तेव्हा बत्तीस वर्षांची होती, आणि धाकटीचं आधी उरकलं म्हणून मांडवात लोकांना बोलायला विषय मिळाला होता. पंगतीत माझ्यामागे कुणीतरी विचारलं, "थोरलीचं काऊन राह्यलं?" दुसऱ्या एकानं घास गिळता गिळता म्हटलं, "थोरली बुरशीची डॉक्टर हाय नं बाप्पा. तिले नवरा बी एखाद्या ओलसर जागेतच भेटन." सगळे हसले. पूनम तिथेच वरणाची बादली घेऊन उभी होती. तीही हसली, आणि त्या बोलणाऱ्याच्याच भातावर तिनं दोन वेळा वरण ओतलं, इतकं की ते पत्रावळीबाहेर जाऊन त्याच्या धोतरापर्यंत पोचलं. कापसाच्या मुळाशी एक बुरशी राहते, झाडाला मारणारी नाही, जगवणारी, तिच्यावर पूनमनं नऊ वर्षं घालवली होती. हैदराबादला डॉक्टरेट झाली, मग इथे सहा महिने, तिथे वर्षभर अशी कामं केली, आणि शेवटी तामसीजवळच्या आमच्या गावात येऊन बसली. लग्नाचे पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "आबाजी, दिवाळीनंतर विद्यापीठाच्या जागा निघणार हायेत. त्या एक वेळ पाहीन. नाई जमलं तर सोडून देते. हैदराबादले एका कंपनीत फोनवर लोकायच्या तक्रारी ऐकाचं काम हाय, ते धरते." हे ती अगदी सहज बोलली. लहानपणी पडली तरी ती रडायची नाही, उठून कपडे झटकायची. तसंच ती आता झटकत होती.

हैदराबादच्या एका मोठ्या विद्यापीठानं आदिलाबाद शहराबाहेर नवीन केंद्र काढलं होतं. त्याच्या जागा फोनवरच्या एका पानावर यायच्या. रोज सकाळी मी चहा घेताना पूनम ते पान मोठ्यानं वाचायची, इंग्रजीतून मराठी करत. आधी शिकवण्याच्या जागा, मग संशोधनाच्या, मग ज्यांना ते सपोर्ट म्हणतात त्या: प्रयोगशाळेतला मदतनीस, ग्रंथालयातला शिपाई, वसतिगृहाचा स्वयंपाकी, माळी. तिचा संबंध पहिल्या दोन्हींशी. पण ती माळ्यापर्यंत सगळं वाचायची. मी म्हणायचो, "तुले माळी व्हाचं हाय का?" ती म्हणायची, "पान हाती घेतलं तर शेवटपर्यंत वाचावं आबाजी, मधात कुठी काय असन सांगता येत नाई." मला ही सवय नाही. मी अक्षरं शिकलो एकोणपन्नासाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, आणि नंतर पूनम पहिलीत गेली तेव्हा तिच्या पाटीवर. ज्याला उशिरा वाचता येतं त्याला प्रत्येक ओळ ही चढण असते. एक चढलो की मी थांबतो, दम घेतो, आणि पुष्कळदा तिथूनच परत फिरतो.

मुलाखतीचा दिवस सोमवार होता. कापूस वेचणीला आला होता, घरातले सगळे शेतात, रिकामा असा मी एकटा. पूनम म्हणाली, "तुमी चला संगं, मले बरं वाटन." सकाळी फाट्यावर बसची वाट पाहत असताना तिला एक फोन आला. ती कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपलीकडे जाऊन बोलली. परत आली तेव्हा तोंड धुतल्यासारखी दिसत होती. "कोण होतं वं?" "मैत्रीण." बसमध्ये ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली आणि मी समजलो की मनात उजळणी करून राह्यली. विद्यापीठाच्या फाटकाशी आम्ही उतरलो. मी चपला काढून नीट उभा राहिलो, कारण परीक्षेला, प्रवासाला, कुठेही निघताना पूनम माझ्या पाया पडते, आणि मला पायांत चपला असताना कुणी पाया पडलेलं आवडत नाही. पण ती वाकली नाही. फाईल छातीशी धरून म्हणाली, "येते आबाजी," आणि चालायला लागली. मी तसाच अनवाणी उभा. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं, आणि तेलुगूत आजोबाला हाक मारतात तसं म्हणाला, "ताता, सपोर्ट? उधर, शेडमें." मी त्याला सांगणार होतो की मी नोकरीला आलेलो नाही, माझी नात आली आहे, ती डॉक्टर आहे. पण जिनं पाया पडणं टाकलं तिच्या नावानं मोठेपणा घेणं मला त्या क्षणी जमलं नाही. मी मुकाट्यानं शेडमध्ये जाऊन बसलो.

तीन ठिकाणी माणसं बसवली होती. शिकवणारे इमारतीच्या व्हरांड्यात, खुर्च्यांवर, एकमेकांशी न बोलता. संशोधनवाले जिन्यावर, त्यांच्या पाठीवर पिशव्या. आणि सपोर्टवाले पत्र्याच्या शेडमध्ये बाकड्यांवर, डबे, पाण्याच्या बाटल्या, लेकरं यांच्यासकट, मोठमोठ्यानं बोलत, तेलुगूत, मराठीत, हिंदीत. मला तिथे बरं वाटलं. व्हरांड्यात पूनमची पाठ दिसत होती. तिची वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती आणि ती बोटानं तिचं टोक सारखं गुंडाळत होती, म्हणजे घाबरली होती. मी मनात म्हणालो, घाबर, चांगली घाबर. म्हातारा कुठे पळून जात होता? दोन क्षण वाकली असतीस तर कंबर मोडली असती? असं मी बराच वेळ तिच्याशी भांडलो. मग ती आत गेली आणि भांडायला समोर कुणी राहिलं नाही.

बारा वाजता माझा फोन खिशात थरथरला. पूनमनंच त्याचा आवाज बंद करून दिला होता. काढून पाहिला तर बेल्लमपल्लीहून भार्गवचा निरोप, लिहिलेला, मराठीत. भार्गव माझा पुतण्या, उद्धवदादाचा मुलगा, खाणीच्या दफ्तरात आहे. त्याची सगळी लिखापढी तेलुगूत चालते, पण मला लिहायचं तर मराठीत, असा दादाचा हुकूम. मी चष्मा लावला आणि बोट अक्षरांखाली ठेवलं. फोनच्या काचेवर बोट ठेवलं की अक्षरं सरकतात, म्हणून मी बोट जरा अधांतरी धरतो. का, का. काका. बा, बा. बाबा. गे, ले.

काका, बाबा गेले.

पुढे आणखी तीन-चार ओळी होत्या. त्या मला काळ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसल्या. मी फोन बंद केला आणि खिशात ठेवला, आणि खिशाचं बटण लावलं.

आधी डोक्यात आलं ते दादाचं तोंड नव्हे, हे मला लिहायला पाहिजे. आधी डोक्यात आलं सूतक. सख्खा मोठा भाऊ, दहा दिवस, आमच्या सगळ्या घराला, म्हणजे पूनमलाही. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही, कुणाला पडू द्यायचं नाही, आणि कोणत्याही नव्या कामाला हात घालायचा नाही. आणि पूनम आत त्या वेळी नव्या कामालाच हात घालत होती. पण आमच्याकडे दूरच्या मरणाचं सूतक ऐकल्या घडीपासून लागतं. ज्यानं ऐकलं नाही त्याला नाही. पूनमनं ऐकलं नव्हतं. मी तोंड उघडीपर्यंत ती चोख होती. तिच्या दोन मुलाखती होत्या, एक शिकवण्याची, एक संशोधनाची. दोन्ही होईपर्यंत चार वाजणार. चार वाजेपर्यंत मला तोंड मिटून बसायचं होतं, एवढंच. आणि दादा तिकडे, घोंगडीवर, उत्तरेकडे डोकं करून, माझी वाट पाहत.

मला स्वतःला सूतक लागलं होतं का, हे मात्र ठरेना. मी निरोप पुरता वाचला नव्हता. हे ऐकून कुणी हसेल, पण माझ्या मागे एक जुनी गोष्ट आहे. आमची माय शेवटची दोन वर्षं दादाकडे बेल्लमपल्लीला होती. ती गेली तेव्हा दादानं कार्ड टाकलं. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडतात, तो फाडायचं त्याला सुचलं नसावं. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात दिलं आणि तो घाईत होता म्हणून न वाचताच सायकलवर बसून गेला. मी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. जोंधळ्याची खुडणी चालू होती. तीन दिवस ते कार्ड माझ्या छातीवर होतं. त्या तीन दिवसांत मी शेजारच्या लग्नात पोटभर बुंदी खाल्ली, दोन म्हाताऱ्यांच्या पाया पडलो, मारुतीला नारळ फोडला. चौथ्या दिवशी मास्तरांनी कार्ड वाचलं आणि पारावर वाद सुरू झाला की वामनला सूतक कधीपासून. एक जण म्हणाला, कागज हातात आला तेव्हापासून. दुसरा म्हणाला, कागज काय दगडाच्या हातात बी येतो, म्हून दगडाले सूतक लागते का? शेवटी ठरलं, ऐकलं त्या दिवसापासून. मी सुटलो. आणि त्या सुटण्याची मला इतकी लाज वाटली की पुढे कित्येक वर्षं मी बुंदी ताटात घेतली नाही. वाचता येत नव्हतं ही माझी सवलत होती, आणि ती मी वर्गात बसून, बोटं खडूनं पांढरी करून, स्वतःच्या हातानं घालवली होती. आता बटण लावलेल्या खिशात मी ती पुन्हा शोधत होतो. तीन शब्द वाचले होते. पण "गेले" म्हणजे कुठेही गेलेले असू शकतात. दवाखान्यात गेले. बाजाराला मंचेरियलला गेले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, कुठे जाणार, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला अर्धा तास मंचेरियलच्या स्टेशनावर बसवून ठेवलं, छत्री घेऊन.

एक वाजता पूनम बाहेर आली. मी डबा उघडला. भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. तिनं चतकोर मोडली आणि ती बोटांत चुरत राहिली. "कशी झाली?" "शिकवाची नाई झाली धड. एकानं विचारलं, वर्गात साठ पोरं झोपली तर काय करसान? मी म्हटलं, मी बी झोपीन." "असं म्हटलं?" "मनात म्हटलं. तोंडानं दुसरंच काही तरी सांगतलं." मी हसलो, आणि हसताना मला वाटलं की हे हसणंही सूतकातलं. मग तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "आबाजी, कोणाचा फोन आला व्हता का?" मी म्हणालो, "नाई." एवढ्या चटकन म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं. "तुमी जेवले का?" "भूक नाई." "मले बी नाई." दोघांच्या मध्ये भाकरी तशीच उघडी राहिली. ती उठली, आणि मी घाईघाईनं पाय बाकड्याखाली ओढून घेतले, चुकून आता ती वाकली तर? सकाळी ज्यासाठी मी रुसलो होतो त्याचीच मला भीती वाटत होती. पण ती आताही वाकली नाही. जिन्याकडे निघून गेली.

"नात हाय का जी?" माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं. पन्नाशीची असेल, हिरवं लुगडं, हातात एक फॉर्म, गुंडाळून गुंडाळून नळीसारखा झालेला. नाव बयनाबाई. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या जागेसाठी आली होती. "तुमाले लिहाले येते, मी मघाशी पाह्यलं, फोन वाचून राह्यले व्हते. माह्या फॉर्मवर एवढ्या एका खान्यात राह्यलं. पोट्ट्यानं बाकी भरून देल्लं आणि म्हणते, अनुभव तूच सांग. आता अनुभव काय सांगू? नवरा दारू प्याचा, तो अनुभव लिहू का?" आसपासच्या बाया हसल्या. मी म्हणालो, "बाई, मी आज पेन हातात घेऊ नये." "काऊन? उपास हाय का पेनाचा?" तिला टाळायला मला काहीही सांगता आलं असतं. पण बारा वाजल्यापासून ते माझ्या तोंडात खड्यासारखं होतं, आणि ही बाई माझी कुणी नव्हती. मी खालच्या आवाजात म्हणालो, "माह्या भावाचा निरोप आला. वारला म्हणते. पोरीची परीक्षा हाय म्हून सांगतलं नाई."

बयनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "पोरीले लागू नये म्हून सांगून नाई राह्यले, आणि मले सांगून मोकळे झाले. मले लागलं तं चालते का?" मी गोंधळून गेलो. ती म्हणाली, "मस्करी करते जी. मी तुमच्या घरची थोडीच हाय, मले कशाले लागते. लिहा तुमी. आणि निरोप काय हाय पुरा? माती कवा हाय? कोण येणार, कोण नाई?" मी म्हणालो, "मी पुरा वाचला नाई." "काऊन?" मी खिशाचं बटण चाचपलं. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जसं बाया भात न उतरवता चुलीपासून उठून गेलेल्या पोरीकडे पाहतात. "वाचता येते अन् वाचलं नाई?" ती म्हणाली. "मले येत असतं, तं मी त्या भितीवरचं चुना-बिना बी वाचून काढलं असतं."

मी आधी तिचा खाना भरला. "काय काम केलं आतापर्यंत?" "शाळेत पोरायचा भात." "किती वर्षं?" "बावीस. दोन दिवस सोडून. सासू मेली तवा." मी लिहिलं: बावीस वर्षे शाळेत मुलांचा स्वयंपाक. अक्षर चांगलं आलं. चांगलं अक्षर येण्याचं मला दादाकडूनच लागलेलं वेड. तो चौथी शिकलेला, सतराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेला. तिथून त्याची पत्रं यायची, आणि ती पारावर वाचली जायची, कारण मला येत नव्हतं. दादाला ते ठाऊक होतं, म्हणून त्याची पत्रं गावासाठी असायची: पाऊस बरा आहे, तब्येत ठीक, मायला नमस्कार, पिकाचं कळवणे. तीस वर्षं अशीच. मग मी वर्गात जाऊन पहिलं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं, सहा ओळींचं, त्यात दोन ओळी फक्त माझं नाव गिरवण्यात गेलेल्या. त्याला जे उत्तर आलं ते मी खोलीचं दार लावून वाचलं, एक पूर्ण दुपार लागली. दादानं लिहिलं होतं: वामन, आता तू स्वतः वाचतोस म्हणून लिहितो. मला खाणीत उतरताना भीती वाटते. पहिल्या दिवशी वाटली तेवढीच आजही वाटते. पाळणा खाली सुटला की मी डोळे मिटतो आणि आपल्या विहिरीच्या पायऱ्या मोजतो. हे तुझ्या वहिनीलाही माहीत नाही. माझा दादा, ज्याच्या नावानं गावात पोरांना सांगत, पाहा उद्धव जमिनीच्या पोटात उतरतो, भीत नाही. तीस वर्षं त्यानं हे वाक्य कुणाला तरी लिहायचं म्हणून जपून ठेवलं होतं, आणि मला वाचता येत नव्हतं म्हणून ते पोस्टात पडलं नव्हतं. मी ते अर्ध्यावर सोडलं असतं तर? त्या दुपारीही मी "भीती" या शब्दाशी थांबलो होतो. दम घेतला होता. पण मग पुढे गेलो होतो.

मी बयनाबाईचं पेन तिला परत दिलं, खिशाचं बटण काढलं, फोन उघडला, आणि बोट धरलं. काका, बाबा गेले. सकाळी साडेसहाला, झोपेतच, त्रास झाला नाही. पूनमला सातला फोन केला होता. ती म्हणाली, आबाजींना दुपारपर्यंत सांगू नका, ते मला मुलाखतीला जाऊ देणार नाहीत, माझं झालं की मी त्यांना घेऊन येते. पण मला राहवलं नाही. माती उद्या दहाला. घाई करू नका, तुम्ही आल्याशिवाय उचलत नाही.

मी ते दोन वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी बोटाशिवाय. शेडमध्ये आवाज तसाच चालू होता, कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता, एक लेकरू बाटलीच्या झाकणाशी खेळत होतं. माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, खरंच उतरलं, जसं कापसाचं गाठोडं गाडीवर टाकल्यावर मान आपोआप वर येते. फाट्यावरचा फोन. धुतल्यासारखं तोंड. आणि ते न वाकणं. पोरीला सकाळी सातला सूतक लागलं होतं. सूतकात कुणाच्या पाया पडायचं नाही, म्हणून ती पडली नव्हती. मला फसवत होती आणि रीतही पाळत होती, दोन्ही एकाच वेळी, छातीशी फाईल धरून. मी तिला दिवसभर मनात काय काय बोललो होतो. आणि वर जिन्यावर ती, सगळं माहीत असून, सूतक अंगावर घेऊनच त्या नव्या कामात शिरली होती, आणि छप्पर कोसळलं नव्हतं. मी तिचं राखायला बसलो होतो, आणि राखायचं असं तिथे काही उरलंच नव्हतं. मला हसू आलं. मग दादा आला. मंचेरियलच्या स्टेशनावरून उठून, छत्री तिथेच ठेवून, शेवटी आला, आणि मी पंचा तोंडाला लावला. बयनाबाई म्हणाली, "आता वाचलं नं पुरं? रडा मंग. मी हाय इथी." आणि तिनं माझ्याकडे पाठ करून, लुगड्याचा घोळ पसरून, मला शेडपासून आड केलं. पाच मिनिटांनी तिचा नंबर आला आणि ती फॉर्मची नळी सरळ करत निघून गेली. तिचा फोन नंबर घ्यायचं राहिलं. तिला जागा मिळाली की नाही, मला अजून माहीत नाही.

पावणेचारला पूनम आली. चालण्यावरूनच मला कळलं की बरी झाली आहे. माझ्यासमोर उभी राहिली. "आबाजी, एक सांगाचं व्हतं." "सांग." "तुमी रागावसान." "पह्यले सांग." तिच्या ओठाचा कोपरा थरथरायला लागला, लहानपणी कधी पाहिला नव्हता तसा. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. "कवा आला हा?" "बाराले." "बाराले? मंग डबा खाताना तुमाले..." "व्हय." "अन् तुमी म्हटलं फोन नाई आला!" "तू नाई म्हटलं का मैत्रीण व्हती?" ती धपकन बाकड्यावर बसली. "मले वाटलं तुमी घरी परत नेसान. सूतकात मुलाखत कशी देते म्हणसान." "म्हटलंच असतं." मी खरं ते सांगितलं. सकाळी फाट्यावर कळलं असतं तर मी तिला हाताला धरून परत आणलं असतं, आणि वर तिच्याच भल्याचं केलं असं मला वाटलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. "मंग बरंच हाय मी खोटी बोलली ते," ती म्हणाली, आणि तिथे, सगळ्या सपोर्टवाल्यांच्या देखत, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शिवाशिवीचा प्रश्न नव्हता. दोघंही एकाच सूतकात होतो.

साडेचारची बस मिळाली. बसमध्ये तिनं सांगितलं की संशोधनाच्या मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, ही बुरशी शेतकऱ्याला कशी समजावून सांगाल, आणि तिनं सांगितलं की माझ्या मोठ्या आजोबांना सांगितली होती तशीच. ते खाणीत होते. त्यांना मी म्हटलं होतं, झाडाच्या खाली बी माणसं राहतात, अंधारात काम करतात, वरच्याले पोचवतात. त्यावर ते म्हणाले होते, मंग त्यायले बी भेव वाटत असन. "असं म्हणाले दादा? तुले?" "हाव. काऊन?" "काही नाई," मी म्हणालो. वहिनीला जे सांगितलं नव्हतं ते त्यानं म्हातारपणी, बुरशीच्या नावानं, माझ्या नातीपुढे सांडून टाकलं होतं. मला ते फार बरं वाटलं. आपल्या एकट्याजवळ ठेवलेलं ओझं दुसरीकडेही थोडं आहे, असं.

बेल्लमपल्लीच्या क्वार्टरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दादाचं तोंड शांत होतं, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी दहाला भार्गवनं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून येऊन बसलो होतो, तेव्हा पूनमनं फोनवरचं ते पान उघडलं. शिकवण्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. संशोधनाच्या दोन जागा होत्या, दुसऱ्या जागेवर तिचं होतं. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला हजर व्हायचं होतं, म्हणजे सूतक फिटल्यावर. तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि नखानं नाव दाखवलं. इंग्रजी मला येत नाही, पण तिचं नाव मी ओळखतो. भार्गवनं आमच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. सूतकात पेढे वाटत नाहीत. तो आत गेला आणि चहा घेऊन आला. चहा इतका गोड होता की ओठाला ओठ चिकटत होते. सगळ्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. पूनम मग तेच पान खाली खाली सरकवत वाचत बसली, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वयंपाकी, माळी.

ज्या ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ती ही: माझे थोरले भाऊ उद्धव किसनराव, वय एक्याऐंशी, सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसहा वाजता बेल्लमपल्ली येथे राहत्या घरी झोपेत वारले.